पंधरा सेकंदांचे गिटारवादक

गेल्या रविवारी भाची घरी आली ती पाठीवर गिटार टाकूनच. दहावीची परीक्षा संपल्याचं बक्षीस. काळ्या पिशवीची चेन उघडून तिने गिटार बाहेर काढली, वार्निशचा वास अजून गेला नव्हता, आणि चहा यायच्या आत मला विचारलं, "मामा, आधी कुठलं गाणं शिकू?"

प्रश्न साफ चुकीच्या माणसाला विचारला होता. माझी स्वतःची गिटार कपाटावर आहे. १९९८ साली घेतली, दोनेक वर्षं तिला आणि शेजाऱ्यांना छळलं, मग नोकरी लागली आणि ती वर गेली ती गेलीच. पण वर का गेली, यावर मी गेली वीस-पंचवीस वर्षं अधूनमधून विचार करत आलोय. वाजवता येत नसलं की माणसाला इतिहास वाचायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे भाचीला उत्तर द्यायला मला जे दोन मिनिटांत जमलं नाही ते इथे लिहून काढतोय.

आम्ही तेव्हा अँटॉप हिलला राहायचो, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्समध्ये. ज्यांनी ती कॉलनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकाच जिन्यावर आयकरवाले, पोस्टवाले, रेल्वेचे ऑडिटवाले, आणि त्यात तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी, मंगळुरी, आणि उरलेले आम्ही. सकाळी एका घरातून सुप्रभातम्, दुसऱ्यातून आकाशवाणीवरची भक्तिगीतं. गिटार मला मिळाली तीही या कॉलनीच्याच कृपेने. खालच्या मजल्यावरच्या अंकलची दिल्लीला बदली झाली आणि ट्रकमध्ये जागा नाही म्हणून त्यांनी ती सहाशे रुपयांत काढून टाकली. तारा बोर्डापासून इतक्या उंच की दाबताना बोटं कापायची. तेव्हा मला वाटायचं गिटार अशीच असते.

आमच्या कॉलनीत गिटार असलेली मुलं सात-आठ तरी होती. आणि त्या सगळ्यांना मिळून एक गाणं पूर्ण येत नव्हतं! यायचे ते सुरुवातीचे तुकडे. 'चुरा लिया है तुमने'ची सुरुवात. 'नीले नीले अंबर पर'ची सुरुवात. इंग्रजीचा शौक असेल तर 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात. गच्चीवर एकजण तेवढं वाजवायचा, बाकीचे "वाह" म्हणायचे, मग गिटार दुसऱ्याच्या हातात जायची आणि तो तेच वाजवायचा. पंधरा सेकंदांच्या पुढे कोणी जात नसे. पुढे गायक गायला लागतो आणि आपण गात नाही, ही अडचण होती. नुसत्या कॉर्ड्स वाजवल्या तर समोरच्याला कुठलं गाणं चाललंय ते कळतच नाही. म्हणून सुरुवात. ती ओळखू येते.

ही गाणी आम्ही का निवडली? कारण सरळ आहे. त्यांत गिटार ऐकू येते. गिटार शिकायची तर गिटारचं गाणं शिकायचं, यात चूक काय? सगळी चूक इथेच आहे असं मला आता वाटतं. पण ती आमची एकट्याची नाही. तिला बराच जुना इतिहास आहे.

मुंबईत गिटार घरोघरी ऐकू आली ती सिनेमातून, आणि सिनेमात ती वाजवणारी माणसं अतिशय तयारीची होती. नवशिक्यांसाठी सोडलेली जागा तिथे नव्हती.

थोडं मागे जाऊ. आपली सिनेमाची गाणी चाल म्हणून जन्मतात. संगीतकार पेटी घेऊन बसतो, चाल गातो. त्या चालीखाली कुठल्या कॉर्ड्स, व्हायोलिननी काय वाजवायचं, बेस कुठे जाणार हे ठरवायला दुसरा माणूस लागायचा. तो अरेंजर. आणि हा माणूस १९४० ते १९८० च्या दरम्यान बहुतेक वेळा गोव्याचा असायचा. कारणही तसंच. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत गावागावांतल्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे. ती पोरं मोठी होऊन मुंबईत आली, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये राहिली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत गेली. प्रिन्सेस स्ट्रीटच्या आल्फ्रेड या इराण्याकडे हे वादक जमायचे आणि तिथूनच कामं ठरायची, असं नरेश फर्नांडिस यांनी लिहिलंय.

आपल्या मराठी लोकांना जवळचं उदाहरण म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. १९४७ च्या 'शहनाई'तलं 'आना मेरी जान' किंवा १९५१ च्या 'अलबेला'तली गाणी ऐका. त्या पाश्चात्त्य बाजामागे चिक चॉकलेट आहे, म्हणजे आन्तोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला गोंयकार. 'अलबेला'मध्ये तो आणि त्याची मंडळी पडद्यावरही दिसतात. दादर-परळच्या ज्या माणसाने तो सिनेमा काढला त्या भगवानदादांचा नाच आपण गणपतीत अजून करतो, पण त्या बँडमधल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं. सेबॅस्टियन डिसूझा हे दुसरं मोठं नाव. फाळणीआधी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा बँड होता. फाळणीनंतर मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांची गाणी त्यांनी बांधली. त्याच फाळणीने आमच्या शेजारच्या सायन कोळीवाड्यात पंजाबी-सिंधी कुटुंबं आणून वसवली. ज्या स्टेशनाला आता गुरू तेग बहादूर नगर म्हणतात त्याचं नाव पूर्वी कोळीवाडाच होतं. (हे विषयांतर. पण त्या स्टेशनावरून हार्बरची गाडी पकडून व्हीटीला उतरायचं आणि चालत धोबी तलावला जाऊन फुर्टाडोजच्या काचेतल्या गिटारी बघायच्या, हा माझा महिन्यातला एक शनिवार होता. १८६५ पासूनचं दुकान. काचेला नाक लावायचे पैसे पडत नाहीत.)

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि ते देशभर झालं. पण बऱ्याच लोकांना ते अमिताभचं नाव वाटतं. असो.

तर मुद्दा असा, की हिंदी गाण्यातल्या कॉर्ड्स हे स्वरलिपी लिहिणाऱ्या एका तज्ज्ञाचं काम आहे आणि त्या वाजवणारा दुसरा तज्ज्ञ. 'चुरा लिया' (१९७३) मधली ती गिटार भूपिंदर सिंगची. तेच भूपिंदर, जे पुढे गझलांसाठी ओळखले गेले आणि २०२२ मध्ये मुंबईत वारले. 'दम मारो दम' (१९७१) मधली गिटारही त्यांचीच. हे लोक रोज स्टुडिओत जाऊन वाजवणारे होते. त्यांचं काम ऐकून एफवायच्या पोराने ठरवायचं की मी हे पहिलं गाणं शिकणार! मुंज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रुद्र म्हणायला बसण्यासारखं आहे ते.

'नीले नीले अंबर पर'ची गोष्ट तर मला फार आवडते. १९८३ च्या 'कलाकार'मधलं, किशोरकुमारचं, संगीत कल्याणजी-आनंदजी. कॉलेजच्या डेजना ते वाजलं नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. मी ते वाजवायचा प्रयत्न करत असताना समोरच्या घरातला तमिळ मित्र दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे आमचं आहे."

मी म्हटलं, आमचं म्हणजे?

तो आत गेला आणि कॅसेट घेऊन आला. 'इळैय निला', १९८२, 'पयणंगळ मुडिवदिल्लै', एस. पी. बालसुब्रह्मण्यम, संगीत इळैयराजा. ऐकलं आणि मी गपगार. चाल तीच, आणि गिटार तर कितीतरी सरस. ती वाजवली आहे आर. चंद्रशेखर यांनी. इळैयराजा स्वतः गिटार शिकलेले, मद्रासच्या धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेले. म्हणजे गिटार वाजवणाऱ्या संगीतकाराने गिटारसाठीच लिहिलेली ती रचना. नवशिक्याने तिकडे फिरकूच नये. पण त्या दिवशी हे डोक्यात आलं नाही. आम्ही दोघं ते गाणं कुणाचं यावर आठवडाभर भांडलो, आणि वाजवता दोघांनाही येत नव्हतं :-)

तेव्हा आमच्या जिन्यावर एकच मुलगा खरोखर वाजवायचा. मंगळुरी कॅथलिक. माझ्यानंतर सहा महिन्यांनी त्याने गिटार हातात घेतली आणि पहिल्या नाताळला तो कॉलनीत घरोघरी कॅरल्सच्या टोळीबरोबर वाजवत फिरत होता. आम्ही सगळे एकमुखाने म्हणालो, "त्यांच्या रक्तातच असतं." हे वाक्य मुंबईत तुम्हीही शंभरदा ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मी तर म्हटलंच, आणि म्हणून निवांत झालो. रक्तातच नाही म्हटल्यावर प्रयत्न करायचा प्रश्नच मिटला.

रक्ताबिक्ताचा काही संबंध नव्हता. त्याची गाण्यांची यादी वेगळी होती, इतकंच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थना लोकांच्या भाषेत आली आणि हळूहळू ऑर्गनच्या जोडीला गिटारही आली. ही भजनं मुद्दाम अशी असतात की देवळात बसलेल्या कुणालाही गाता यावीत. चाल सोपी, पट्टी मधली, बहुतेक ठिकाणी तीन कॉर्ड्स. त्याला दर रविवारी ती वाजवावी लागत. चुकला तरी पन्नास माणसं गात असल्याने गाणं थांबायचं नाही, पुढच्या ओळीला त्याने गाडी पकडायची. असा सराव मला कुठल्या क्लासने दिला असता? आणि नाताळचं म्हणाल तर 'सायलेंट नाइट' या गाण्याची हकिगत बघा. ऑस्ट्रियातल्या ओबरनडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची, आणि साथीला होती एक गिटार. ऑर्गन उंदरांनी कुरतडला वगैरे कथा नंतरच्या लोकांनी रचल्या, पण गिटार खरी. म्हणजे आमचा मित्र जे वाजवत फिरत होता ते मुळातच गिटारवर, जेमतेम तालमीत गाता येईल असं रचलेलं होतं. तीन कॉर्ड्स पुरतात. संथ लय, कॉर्ड बदलायला भरपूर वेळ.

हे कळल्यावर मला इंग्लंडची गोष्टही नीट समजली. आधी मला वाटायचं की गोऱ्या पोरांना गिटार आपोआप येते. १९५४ मध्ये लंडनमध्ये लॉनी डॉनेगनने 'रॉक आयलंड लाइन' नावाचं अमेरिकन तुरुंगातल्या कैद्यांचं गाणं रेकॉर्ड केलं. १९५६ च्या सुरुवातीला ते तुफान चाललं. वाद्यं म्हणजे गिटार, बेस आणि कपडे धुवायच्या पत्र्यावर खडखडाट. या प्रकाराला स्किफल म्हणत. दोन-तीन कॉर्ड्सचं काम. ऐकणाऱ्या प्रत्येक पोराला वाटलं की हे मलाही जमेल, आणि मुख्य म्हणजे ते खरंच जमत होतं. लिव्हरपूलमध्ये १९५६ मध्ये जॉन लेननने काढलेला क्वॉरीमेन हा स्किफलचाच ग्रुप. त्यातूनच पुढे बीटल्स झाले. बर्ट वीडनचं 'प्ले इन अ डे' हे नवशिक्यांचं पुस्तक १९५७ चं.

म्हणजे तिकडे गिटार लोकांपर्यंत पोचली ती सोप्या गाण्यांच्या हातून. आपल्याकडे ती अवघड गाण्यांच्या हातून पोचली. आमच्या गच्चीवरची सात-आठ पोरं आळशी होती हे मान्य. पण सगळीच्या सगळी पंधरा सेकंदांवर अडकली, त्याला नुसता आळस पुरा पडत नाही.

बरं, आपल्याकडे आधी असं नव्हतं. माझ्या वडिलांच्या पिढीला गिटार म्हटलं की मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांब सरकवत वाजवायची हवाईयन गिटार आठवते. म्हणून तर आपण साध्या गिटारला अजून 'स्पॅनिश' म्हणतो. व्हॅन शिपली, हजारा सिंग, कलकत्त्याचे सुनील गांगुली, यांच्या एचएमव्हीच्या तबकड्या घरोघरी होत्या आणि त्यांत सिनेमाच्या गाण्यांची नुसती चाल वाजवलेली असायची. कांब सरकते, त्यामुळे मींड निघते, गाणं गायल्यासारखं वाटतं. ब्रिजभूषण काब्रांनी तर त्यावर रागदारी वाजवली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्याबरोबर ते आहेत. त्या गिटारवाल्याला 'कुठलं गाणं घेऊ' हा प्रश्न पडत नसे. जे गुणगुणता येतं ते घ्यायचं. गिटार गळ्याच्या जागी होती. सत्तरच्या दशकात पडद्यावर झीनत अमानच्या हातात स्पॅनिश गिटार आली आणि हवाईयन गिटार काकालोकांची झाली. फॅशन बदलली, पण नवी गिटार चाल वाजवत नाही, ती साथ देते, आणि साथ द्यायला आधी गाणारा लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

माझ्या वेळी आणखी एक भानगड होती, ती माझ्याच धंद्यातली आहे म्हणून सांगतो. कॉर्ड्स मिळायच्या कुठे? १९९२ पासून ओल्गा नावाचा एक ऑनलाइन संग्रह होता. जगभरच्या लोकांनी कानाने ऐकून टाइप केलेल्या साध्या टेक्स्ट फायली. (२००६ मध्ये संगीत प्रकाशकांच्या वकिलांच्या पत्रांमुळे तो बंद पडला.) त्यात गाण्याच्या ओळीच्या वर कॉर्डची अक्षरं लिहिलेली असत, बरोबर ज्या अक्षरावर कॉर्ड बदलायची त्याच्या डोक्यावर. आता हे सगळं सारख्या रुंदीच्या फॉन्टवर अवलंबून. मी काय केलं, सायबर कॅफेत फाइल वर्डमध्ये उघडली, छान टाइम्स न्यू रोमन केला आणि प्रिंट काढली. प्रत्येक कॉर्ड दोन-तीन अक्षरं डावीकडे सरकली. 'हॉटेल कॅलिफोर्निया' मी चार महिने त्या प्रिंटवरून बसवत होतो! ते गाणं १९७६ च्या डिसेंबरातलं, कडव्यात सात वेगवेगळ्या कॉर्ड्स, एकामागून एक. रेकॉर्डवर सुरुवातीला कॅपो सातव्या पडद्यावर लावून वाजवलंय, हे मला दहा वर्षांनी कळलं. मी बी मायनरची बार कॉर्ड दाबून दाबून मनगट सुजवून घेतलं होतं. त्या उंच तारांवर.

कॉर्ड बदलणं म्हणजे आमच्या भाषेत कॉन्टेक्स्ट स्विच. प्रोसेसरला एक काम सोडून दुसरं धरायलाही वेळ लागतो, तसं बोटांचं. सुरुवातीला एका कॉर्डवरून दुसरीवर जायला दोन-तीन सेकंद सहज जातात. त्यामुळे एका गाण्यात किती कॉर्ड्स आहेत याहून एका ओळीत त्या किती वेळा बदलतात हे आधी बघायला हवं. दोन कॉर्ड्सचं गाणं असेल पण दर मात्रेला बदलत असेल तर ते अवघड. चार असतील पण एकेक ओळभर थांबत असेल तर जमतं. १९८८ चं 'पापा कहते हैं', १९९३ चं अली हैदरचं 'पुरानी जीन्स' ही आमच्या वेळची गाणी होस्टेलांत टिकली, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, शिवाय ती घोळक्याने ओरडून म्हणता येतात. म्हणजे पुन्हा चर्चचाच न्याय. आमच्या गच्चीवर मात्र कोणी ती घेतली नाहीत, कारण त्यांत इम्प्रेस करण्यासारखं काही नाही असं आमचं मत होतं.

आणि रागदारीकडे झुकलेली भावगीतं? खळेकाकांची चाल घ्यायची आणि त्याखाली सी-एफ-जी धरायचं, हे मी 'शुक्रतारा'वर करून पाहिलंय. आईने स्वयंपाकघरातून "बंद कर" एवढंच म्हटलं. तिचं बरोबर होतं. जिथे स्वर हलतो, रेंगाळतो, तिथे खाली कॉर्ड आली की ती त्या स्वराला खुंटीला बांधल्यासारखी धरून ठेवते. यातून वाट काढणं हे सेबॅस्टियन डिसूझांसारख्यांचं काम. पहिल्या महिन्यात आपण ते अंगावर घेऊ नये.

मग मराठी मुलाने काय, आयुष्यभर 'सायलेंट नाइट' वाजवायचं? खरं तर आपल्याकडे साधी, घोळक्याने म्हणायची, ठेक्यावर उभी असलेली गाणी रग्गड आहेत. कोळीगीतं आहेत. लोकगीताच्या वळणाची सिनेमातली गाणी आहेत. 'साधी माणसं' (१९६५) मधलं 'ऐरणीच्या देवा', जे आनंदघन या नावाने लताबाईंनीच बांधलं. फक्त त्यांत गिटार ऐकू येत नाही, म्हणून गिटार घेतल्यावर ती कुणाच्या डोक्यात येत नाहीत. सायन कोळीवाडा आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर होता, लग्नसराईत तिथली गाणी वाऱ्यावर आमच्या गच्चीपर्यंत यायची, आणि आम्ही गच्चीवर बसून कॅलिफोर्नियाच्या हॉटेलची पहिली पंधरा सेकंदं वाजवत होतो.

भाचीला मी यातलं निम्मंही सांगितलं नाही. तिच्या यादीत तीन गाणी होती, तिन्हींत गिटारची सुरुवात होती. मी म्हटलं ती ठेव, पण आज असं गाणं सांग जे तुला पूर्ण पाठ आहे, नुसत्या टाळीवर म्हटलं तरी उभं राहतं, आणि घरातल्या आणखी एकाला तरी येतं. ती विचारात पडली. आतून आईने विचारलं, "'मी डोलकर' चालेल का?" तिला आता पंचाहत्तरावं चालू आहे. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंबरोबर हेमंतकुमार, म्हणजे कोळ्याचं गाणं बंगाल्याने म्हटलेलं आणि कुणाला खटकलंही नाही.

डी, जी आणि ए या तीन कॉर्ड्सवर आम्ही ते बसवलं. रेकॉर्डवर तसंच आहे असा माझा अजिबात दावा नाही. आईने सवयीने काळी चारला सूर लावला आणि वरच्या जागेला आवाज फाटला. मग खाली आलो. पांढरी चारला तिला बरं वाटलं. पांढरी चार म्हणजे एफ, आणि एफची बार कॉर्ड भाचीला पुढचे सहा महिने जमणार नाही. म्हणून कॅपो काढला, तिसऱ्या पडद्यावर लावला, आणि तिची बोटं डी, जी, एवरच राहिली.

जीवरून एवर जाताना ती अजून थांबते. आई तेवढ्या वेळात "हां, घे" म्हणते आणि पुढची ओळ उचलते. पहिल्या दिवशी दोन कडवी झाली. मी कपाटावरची गिटार खाली काढली, धूळ पुसली, तिच्या दोन तारा गंजून तुटल्या होत्या. येत्या शनिवारी धोबी तलावला जाऊन एक सेट आणायचाय.